बापाचा वाटा

कानतुट्या डुकराने म्हाताऱ्याची मांडी फाडली तेव्हा थोरली अंगणात कोंडा भिजवत होती. किंकाळी तिने ऐकली होती, पण ती डुकराची वाटली. डुकरं काय, रोजच बोंबलतात. मग सून धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"बोल की, दातखीळ बसली का?" थोरली म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गाळ्यांकडे पळाली. साठी उलटलेली बाई, गुडघे कधीचेच गेलेले, पण पळाली.

म्हातारा तिसऱ्या गाळ्याच्या दाराशी बसल्यासारखा पडला होता. लेक त्याच्या जांघेत दोन्ही मुठी खुपसून होता, तरी रक्त मुठींच्या बाजूने उसळत होतं. मुताची गटार असते ना, त्या उताराने ते खाली चाललं होतं, आणि खालच्या गाळ्यातली पिल्लं फटीतून नाकाडं काढून ते चाटत होती. कानतुट्या कोपऱ्यात उभा होता. तोंडाला फेस, उजवा सुळा लालभडक, आणि डोळे असे की जणू काही झालंच नाही.

म्हाताऱ्याने थोरलीकडे पाहिलं. "दार लाव," तो म्हणाला. "सुटेल तो."

ते त्याचं शेवटचं बोलणं. दवाखान्याची गाडी आली तेव्हा तिचा काही उपयोग राहिला नव्हता.

थोरली रडली नाही. कुंपणाला टेकवलेली पहार तिने उचलली, दार उघडलं आणि आत जाऊन कानतुट्याच्या कपाळावर घातली. एक. दोन. तिसरा घाव खांद्यावर बसला आणि पहार तिच्याच हातातून उडाली. अडीचशे किलोचं ते धूड, मानेची कातडी बुटाच्या तळव्यासारखी. त्याने डोकं झटकलं, एवढंच. लेकाने तिला कमरेला धरून बाहेर ओढली. ती त्याच्या हातावर दात रोवून ओरडत होती, "सोड! त्याला मेलेला बघू दे मला!"

कानतुट्या मेला मात्र नाही. खाटीक येऊन बघून गेला. खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला वास मारतो, तो म्हणाला. आधी खच्ची करा, महिनाभर थांबा, मग न्यायला येतो.

"न्यायचा कुणी सांगितलाय?" थोरली म्हणाली. "इथेच मार आणि इथेच टाक. कुत्री खातील."

"थोरल्या बाई, एवढा जीव पाडायला चार माणसं लागतात. तुमच्या घरात एकच आहे, आणि तोही आत्ता बापाला पोचवून आलाय."

लेकाने खाटकाला निघ म्हणून डोळ्यांनी खुणावलं. कानतुट्याला मागच्या भिंतीलगतच्या गाळ्यात कोंडला. थोरलीने सुनेला बजावलं, "त्याला दाणा नाही, पाणी नाही. उभ्या उभ्या वाळू दे." सुनेने मान हलवली. दुपारी थोरली आडवी झाली की ती बादली घेऊन मागे जायची. थोरलीला ते माहीत होतं. भरल्या बादलीची कडी आणि रिकाम्या बादलीची कडी वेगळी वाजते. पण ती बोलली नाही, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

या घरात डुकरांचं सगळं थोरलीच्या हाती होतं, चाळीस वर्षं. म्हातारा नराचं बघायचा. नर सोडणं, डुकरीण धरणं, हात देणं, हे घाणीचं काम त्याचं. बाकी कुठली ठेवायची, कुठली काढायची, ते थोरली ठरवायची. पिल्लू आठ दिवसांचं झालं की ती वस्तऱ्याने त्याच्या डाव्या कानाला खाच पाडायची. चांदी डुकरिणीच्या पोटची असली तर टोकाला एक, बुटकीची असली तर खालच्या कडेला दोन, पांढरीची असली तर मधोमध एक. कान बघून ती पणजीपर्यंतची नाती सांगायची. तीन आठवड्यांनी त्याच वस्तऱ्याने ती नर पिल्लं खच्ची करायची, एकही न सोडता. उजवा कान कोराच राहायचा.

म्हातारा चिडवायचा, "आणि बाप काय रस्त्यावरून गेला?"

"बाप पाच मिनिटांचा," थोरली म्हणायची, "आई चार महिन्यांची." आणि वस्तरा पदराला पुसायची.

चांदीचा वंश तिचा जीव की प्राण होता. सात पिढ्या एका आईमागून एक. पांढरी ही लेकाने बाहेरून आणलेली, लांब अंगाची, लवकर वजन धरणारी. थोरली तिला "पाहुणी" म्हणायची, चार वर्षं झाली तरी. पांढरीनंतर लेकाने आणखी एक खूळ आणलं होतं: पलीकडच्या वस्तीतला पांढरा नर. दोन वर्षं निम्म्या डुकरिणी कानतुट्याला आणि निम्म्या त्या पांढऱ्याला दाखवल्या जात होत्या.

म्हातारा जाऊन बारा दिवस झाले नसतील, पांढरीने खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचे कान जांभळे पडले, तिसऱ्या दिवशी मागचे पाय ओढत ती कुंडीपर्यंत आली आणि कुंडीतच नाक टेकून मेली. नाकातून रक्ताची दोरी लोंबत होती. ऊन असं की पत्र्याला हात लागला तर कातडी चिकटावी. त्या पत्र्याखाली एकतीस डुकरं धापा टाकत होती.

जनावरांची डॉक्टर आली. तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गाळ्यात शिरताना नाक न धरणारी. थोरलीला तेवढं आवडलं.

"डुकरांचा ताप आहे, आजी. पलीकडची वस्ती साफ झाली, त्यांचा पांढरा नरही. याला औषध नाही."

"मग तू कशाला आलीस?"

"हे सांगायला. इथून काही बाहेर न्यायचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. ज्याला ताप चढला ते लगेच मारायचं आणि खोल पुरायचं, वर चुना. जितका वेळ ठेवाल तितकं पसरेल."

"मारायची सुई दे."

डॉक्टरने पिशवी उलटी करून दाखवली. "पलीकडेच संपल्या."

म्हणून घण काढला. दगड फोडायचा, आठ किलोचा, म्हाताऱ्याच्या तळहातांनी गुळगुळीत झालेल्या दांड्याचा. सून नाकाडाला दोरी घालून खांबाशी ताणून धरायची. लेक पाय फाकून उभा राहायचा, दोन डोळ्यांच्या मध्ये, बोटभर वर, तिथे घालायचा. घाव नीट बसला तर जनावर गुडघ्यांवर खाली बसायचं, नवस फेडल्यासारखं. नीट नाही बसला तर सगळं रान ऐकायचं. बुटकीला चार घाव लागले. तिसऱ्याला तिचा डोळा बाहेर आला, तरी ती सुनेला ओढत निम्मा गाळा फिरली. सुनेच्या तळव्यांची साल दोरीने काढून नेली.

दूधपित्या पिल्लांना घण मारायचा म्हणजे माशीला पहार. लेक त्यांच्यासमोर उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

"सरक," थोरली म्हणाली. तिने पदर खोचला. मागचे दोन्ही पाय एका मुठीत धरायचे, एक गिरकी, आणि दगडी उंबऱ्यावर डोकं. नऊ पिल्लं. आवाज दरवेळी सारखाच येत होता, ओला कपडा आपटल्यासारखा. नववं झाल्यावर तिने हात धुतले आणि सुनेला म्हणाली, "चहा टाक." सून तिच्याकडे बघत राहिली. "काय बघतेस? तुझ्या नवऱ्याने करायला हवं होतं ते केलं."

चौथ्या दिवशी चांदीचे कान जांभळे झाले. थोरली पहाटेच तिच्याजवळ जाऊन बसली होती. ओल्या फडक्याने तिचं नाकाड पुसत होती, कानात काही बोलत होती. लेक घण घेऊन आला, बघितलं, आणि घण खाली टाकला.

"बस. माझ्याने होत नाही. आज सोळावं आहे."

"उचल."

"आई, हात बघ माझे."

त्याचे तळवे फुटले होते, भेगांत रक्त आणि चुना एक झाला होता. थोरलीने बघितलं आणि नको ते बोलली.

"बापावर गेलास. तोही असाच मऊ. मऊ होता म्हणून एका डुकराने फाडला."

लेक हलला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी बाबा सुळे कापणार होते. करवत काढून ठेवली होती, तेल घालून. 'सुळे काय पळून जातायत, आधी डुकरीण भरवून घ्या, ती उद्या थांबायची नाही,' हे कोण म्हणालं?"

 

थोरलीच्या हाताशी नाकाडाला घालायची ओली दोरी होती. तिने ती दुमडून लेकाच्या तोंडावर ओढली. एकदा गालावर, एकदा कानावर. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सून मध्ये आली आणि तो तिच्या मानेवर बसला. सून ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मारा. घरात आता आम्ही दोघंच उरलोय मारायला."

लेकाच्या ओठातून रक्त ठिबकत होतं. त्याने ते थुंकलं, घण उचलला आणि चांदीला एका घावात पाडली. मग खड्डा खणायला निघून गेला.

त्या दुपारी थोरलीने जे केलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. लेकाच्या तोंडावर मारून तिचं भागलं नव्हतं.  चांदीची एक पाट, अजून न व्यालेली तरणी मादी, सकाळीच मेली होती, चाळीसेक किलोची. थोरलीने तिच्या मागच्या पायाला दोरी बांधली आणि ओढत ओढत, तीन ठिकाणी थांबत, मागच्या भिंतीकडे नेली. कानतुट्याच्या गाळ्याचं दार कमरेएवढं. तिने खांदा लावून ते मढं आत लोटलं.

"घे," ती म्हणाली. "तापाने जा. सावकाश जा. सुळ्यासारखं चटकन नको."

कानतुट्याने मढं हुंगलं. पायाने उलटवलं. मग त्याचा एक कान चावून चावून खाल्ला, खाच असलेलाच, आणि पोटाला पाठ लावून त्याच्याजवळ पडून राहिला.

थोरली दिवसातून चारदा बघायला जायची. दुसऱ्या दिवशी त्याने बादलीकडे पाठ फिरवली. तिने फळ्यांतून हात घालून त्याच्या कानाला लावला. कान भाजत होता. "आता कळेल," ती म्हणाली, आणि त्या दिवशी म्हातारा गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी तो शिंकत होता. चौथ्या दिवशी त्याने मढ्याचं पोट फोडून खाल्लं, कुंडी नाकाडाने उलथून टाकली आणि दाराला अशी धडक दिली की कडीचे खिळे निघाले. कान नेहमीसारखे काळे, थंड. थोरली तिथेच मातीत बसली.

डॉक्टर पुन्हा आली तेव्हा एकतिसातली सहा उरली होती. कानतुट्या आणि पाच तरणी डुकरं, आठ-नऊ महिन्यांची, मधल्या गाळ्यात. त्यांनाही दोन दिवस ताप आला होता, घण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत उतरला होता. शेजारी मरत होते, त्यांच्याच कुंडीत खात होते, आणि ही पाच जगली होती.

"माझ्या चांदीचं रक्त असणार," थोरली म्हणाली. "सात पिढ्यांचं आहे. दुसऱ्या कुणात एवढी धमक नाही." आणि डॉक्टरला दाखवायला म्हणून ती गाळ्यात शिरली, एकेकाचा डावा कान धरून उलटा करत गेली.

टोकाला एक खाच: चांदीची. पुढची दोन, खालच्या कडेला दोन-दोन: बुटकीची. उरलेली दोन, मधोमध खाच. पाहुणीची. पांढरीची.

तिने ते दोन कान पुन्हा बघितले. अंगठ्याने चोळून बघितले.

"काय झालं, आजी?"

"माझा वस्तरा चुकत नाही," थोरली म्हणाली. "तीन आयांची आहेत."

"मग बाप कोण?"

थोरलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण तिला सगळं पाठ होतं: कुठली डुकरीण कुठल्या दिवशी माजावर आली, तेव्हा ऊन होतं की वारा, म्हातारा कुणाला धरून होता. चांदी त्या खेपेला कानतुट्याला दाखवली होती, कारण पांढऱ्या नराचा पाय लचकला होता. बुटकी पहिल्यापासून त्याचीच. आणि पांढरीच्या त्या वेताला लेक घरी नव्हता, म्हणून म्हाताऱ्याने गुपचूप कानतुट्या सोडला होता. सांगता सांगता तिने एकेक बोट दुमडलं. पाचही बोटं दुमडली गेली आणि मूठ झाली.

"आणि पांढऱ्या नराची किती होती?" डॉक्टरने विचारलं.

"तेरा."

"त्यातली?"

"खड्ड्यात." थोरली थांबली. "पण याचीही मेली. सहा-सात मेली. बाप तोच, तरी मेली. मग?"

डॉक्टर कुंपणावर टेकली. "असं बघा, आजी. प्रत्येक पिल्लाला निम्मा वाटा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. पण बापाजवळ जे जे आहे ते सगळं प्रत्येकाला मिळत नाही. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन प्रती असतात, पिल्लाला त्यातली एकच जाते. ज्याला तापाशी झुंजणारी गेली ते तगलं. ज्याला दुसरी गेली ते गेलं. मी खात्रीने नाही सांगत. रक्त तपासायला पाठवते. नर वेगळा बांधला होता, कदाचित त्याला ताप लागलाच नसेल."

 थोरली बोलली तेव्हा डॉक्टरकडे नाही, कुंडीकडे बघत होती.

"लागला त्याला. मी लावला. मेलेली पाट टाकली होती त्याच्यात. खाल्ली त्याने."

"का?"

"मरावा म्हणून."

लेक मागे चुन्याची पाटी घेऊन उभा होता. पाटी त्याच्या हातून निसटली नाही, पण त्याने ती सावकाश खाली ठेवली.

"एवढं मीही केलं नसतं," डॉक्टर म्हणाली, "पण यापेक्षा पक्की परीक्षा नाही. आजी, हा नर मारू नका."

"याने माझा नवरा मारलाय."

डॉक्टरला ते माहीत नव्हतं. तिने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग मी कोण सांगणार? मारा. पण या पाचांत दोन नर आहेत, ते तुम्ही खच्ची केलेत. तीन पाटी आहेत, त्यांच्यात त्याचा वाटा आहे, पण त्या त्याच्या लेकी. त्यांना त्याच्याकडे द्यायचं नाही, दुबळी पिल्लं होतात. दुसऱ्या नराला दिल्या तर निम्म्यांतच तो वाटा उतरेल. तो असला तर कळप उभा राहील. गेला, तर नशिबावर. आणि हेही सांगते, हा एका तापाला पुरून उरला. दुसरा रोग आला तर हाच पहिला जाईल, असंही होऊ शकतं."

महिन्याभराने रक्ताचा निकाल आला. डॉक्टर म्हणाली होती तेच: कानतुट्याच्या रक्तात ताप येऊन हरल्याची खूण होती.

चाळीस दिवस मेलेल्यांचे गाळे रिकामे ठेवायचे होते. जमीन हातभर खरवडली, फळ्या जाळल्या, भिंतींना तीनदा चुना दिला. लेक खाणीवर दगड फोडायला जाऊ लागला, त्याच घणाने. थोरली सकाळी उठून कोंडा भिजवायला बसायची आणि मग आठवायचं की खाणारी सहाच आहेत. कानतुट्याची बादली ती भरायची. त्याच्यासमोर नेऊन ठेवायची नाही. तेवढं सून करायची. 

चाळीस दिवस सरल्यावर एका सकाळी ती सुनेला म्हणाली, "तुझ्या माहेरी ताप पोचला नाही ना?"

"नाही."

"तुझ्या बापाला सांग, एक पाट पाठव म्हणावं. वयात आलेली."

सून भांडी घासत होती. हात थांबला नाही. "तुम्ही सांगा की, आई."

लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं थोरली सांगत आली होती की सुनेच्या माहेरची डुकरं म्हणजे केस काढलेली कुत्री. सुनेने नंबर लावला आणि राखेचा हात तसाच ठेवून फोन तिच्या कानाला धरला.

"व्याहीबुवा," थोरली म्हणाली. घसा खाकरला. "एक पाट हवी होती."

पलीकडून हसू. "आमच्या कुत्र्यांतली चालेल का, थोरल्या बाई?"

थोरलीची मान ताठ झाली. सुनेचे डोळे भांड्यांवर होते, पण कान इकडेच.

"चालेल," थोरली म्हणाली. "दात बघून द्या."

पाट आली. बुटबैंगण, ठिपक्याठिपक्यांची, डोळ्यांत भीती. तीन आठवड्यांनी माजावर आली. थोरलीने तिच्या पाठीवर तळहात दाबला आणि ती खांबासारखी उभी राहिली. कानतुट्याचे सुळे त्याच आठवड्यात कापले होते. वरच्या जबड्याला दोरी घालून, लेक आणि खाटीक दोन्ही बाजूंनी लटकलेले, आणि करवत थोरलीच्या हातात. पण अडीचशे किलोच्या धुडाला इजा करायला सुळे लागत नाहीत.

"ती लहान आहे, तो मोठा," लेक म्हणाला. "हात द्यावा लागेल. नाहीतर मोडेल तिला."

हात देणं म्हणजे दोघांच्या मधे शिरणं. पाट पुढे सरकू नये म्हणून खांद्याने फळी दाबून धरायची, आणि नर चढला की त्याला हाताने वाट दाखवायची. त्याचं वजन पाठीवर, त्याची लाळ मानेवर. चाळीस वर्षं हे म्हाताऱ्याने केलं होतं. घरी आला की थोरली त्याला बाहेरच्या नळावर तीनदा साबण लावायला लावायची.

लेकाने बाह्या सरसावल्या. दाराच्या कडीपर्यंत गेला. कडीवर हात ठेवला, काढून पुसला, पुन्हा ठेवला. कडी मात्र उघडली नाही.  

थोरलीने त्याला टोमणा मारला नाही. "बाजूला हो," ती म्हणाली, पदर कमरेला गुंडाळला आणि फळी उचलली.

"आई, तुझे गुडघे—"

"गुडघ्यांनी करायचं काम नाही हे. बाजूला हो."

आत चुन्याचा वास होता आणि त्याखाली नराचा, उग्र, कुजक्या कांद्यासारखा. सुनेने मागचं दार उघडलं आणि कानतुट्या आला. धावत नाही, डोलत, जबडे कडकड वाजवत, फेस गाळत. पाटेच्या कुशीत त्याने नाकाड खुपसलं तशी ती किंचाळली आणि थोरलीच्या फळीवर आदळली. थोरलीने पाय रोवले. मग तो चढला.

अंधार झाल्यासारखं झालं. त्याची छाती तिच्या खांद्यावर, राठ केस गालावर, तोंडातला फेस केसांतून कानात. पाट खाली बसू लागली. थोरलीने गुडघा तिच्या पोटाखाली लावला, आणि गुडघ्यात काहीतरी सरकलं. तिने हात घातला. पहिल्यांदा चुकलं. तो चिडून फुरफुरला, पुढचा खूर तिच्या दंडावरून घासत खाली गेला आणि कातडं घेऊन गेला. "थांब," ती दात आवळून म्हणाली. "थांब, मेल्या. थांब." दुसऱ्यांदा तिने त्याला धरलं, वाट दाखवली, आणि तसंच धरून ठेवलं. तो शांत झाला. डोळे अर्धे मिटले. पाच मिनिटं. सहा. जावयाची ऊठबस करावी तशी ती त्या धुडाला पाठीवर तोलून उभी होती, ज्याने तिचा माणूस नेला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तो उतरला. उतरताना वळला, आणि वळताना समोर ती होती. त्याने डोकं घातलं. तिने हात मधे घेतला, म्हणून छाती वाचली. हात खांबावर चेचला गेला आणि वाळकी काटकी मोडावी असा आवाज झाला. ती भिंतीला घासत खाली बसली.

"आई!"

लेक आत होता. घण डोक्याच्या वर होता, दोन्ही हातांत. कानतुट्या त्याच्याकडे तोंड करून उभा होता, कपाळ समोर. दोन डोळ्यांच्या मध्ये, बोटभर वर. लेकाला ती जागा आता झोपेतही सापडली असती.

थोरली उठली. कशी उठली देव जाणे. मोडका हात लोंबत होता, मनगटाच्या वर भलतीकडेच वळलेला. ती चालत जाऊन दोघांच्या मधे उभी राहिली, तोंड लेकाकडे, पाठ डुकराकडे.

"खाली ठेव."

"सरक, आई."

"खाली ठेव म्हणते ना."

"याने बाबांना—"

"मला सांगतोस? माझा नवरा होता तो." तिचा आवाज चढला नाही. "आणि करवत मी थांबवली होती. ऐकलंस? मी. आता खाली ठेव. पाट नवीन आहे. घाबरली तर धरणार नाही."

कानतुट्याचा श्वास तिच्या पाठीवर येत होता, लुगडं भिजवत. त्याने नाकाडाने तिला एक ढोसणी दिली. ती पुढे झुकली, पण सरकली नाही.

घण हळूहळू खाली आला. लेक गाळ्यातच बसला आणि फुटलेल्या तळव्यांत तोंड घालून रडायला लागला, म्हातारा गेल्यानंतर पहिल्यांदा, लहान मुलासारखा हुंदके देत.

"बाहेर जाऊन रड," थोरली म्हणाली. "पाटेला उभी ठेवायचीय." मग सुनेला: "अर्धा तास बसू देऊ नको तिला. आणि ह्याला मागे घे, फळीने. हाताने नको."

सुनेने नराला मागे घेतलं, दार लावलं, आणि ओढणीने सासूचा हात गळ्यात बांधायला आली. बांधताना थोरलीच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण ओठ पांढरे झाले. कपाळावर डुकराचा फेस वाळत होता.

"लागली असेल का?" सुनेने विचारलं.

"एकवीस दिवस. माज परत आला नाही तर लागली."

लेकाने नाक पुसलं, वर बघितलं. "आणि परत आला तर?"

"तर परत जाईन आत."

तो तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. बोटं सुजून निळी पडायला लागली होती.

"दुसरा आहे की," थोरली म्हणाली.